दुसऱ्यांदा ठेवलेला हात

परमुलखातील नेत्रसेवेविषयी एक अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : मार्क ८:२२-२६

प्रभू येशूने आंधळ्यांना दृष्टी दिल्याच्या अनेक हकिगती शुभवर्तमानांत आहेत. त्यांपैकी बेथसैदा गावची हकिगत एका बाबतीत अगदी वेगळी आहे. इतर बहुतेक प्रसंगी प्रभूचा एक शब्द किंवा एक स्पर्श पुरेसा होतो. येथे मात्र दोनदा हात ठेवावा लागला. पहिल्या स्पर्शानंतर प्रभूने त्या मनुष्याला, काही दिसू लागले का, असे विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की माणसे दिसतात खरी, पण ती चालत्या झाडांसारखी भासतात. तेव्हा प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि त्याला सर्व काही स्वच्छ दिसू लागले. चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या मार्काने ही हकिगत नोंदविली आहे.

मार्काने ती कोठे नोंदविली आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. तिच्या आधी, शिष्यांना डोळे असूनही समज नाही म्हणून प्रभूने त्यांची कानउघाडणी केली आहे. तिच्यानंतर लगेच पेत्र प्रभूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, पण वधस्तंभाची गोष्ट निघताच अडखळतो. म्हणजे पेत्रालाही अर्धेच दिसले होते. या आध्यात्मिक अर्थावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. प्रस्तुत पाठात मात्र याच उताऱ्याकडे अगदी व्यावहारिक दृष्टीने पाहावयाचे आहे. डोळ्यांच्या रोग्याची सेवा कशी करावी, याचा वस्तुपाठ म्हणून तो वाचावयाचा आहे.

याचे कारण असे. आपल्या मंडळ्यांतील तरुण, विशेषतः परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलेमुली, सुटीतील दोनचार आठवडे एखाद्या धर्मादाय नेत्ररुग्णालयात स्वयंसेवक म्हणून घालविण्याची इच्छा व्यक्त करतात. ही इच्छा उत्तम आहे. परंतु तेथे जाऊन नेमके करावयाचे काय, आणि काय करावयाचे नाही, याचा विचार फारसा झालेला नसतो. आईवडील व पाळकही, सेवा आहे ना, मग जाऊ द्या, एवढ्यावर समाधान मानतात. ज्याच्या डोळ्याला हात लागणार आहे त्याच्या बाजूने या सेवेकडे पाहिले, तर चित्र कसे दिसते, याचा शोध आपण घेऊ. त्यासाठी डोळ्यांसमोर एक ठिकाण असलेले बरे. आपण कुंभकोणम घेऊ.

कावेरीकाठचा मुलूख

कुंभकोणम हे तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील जुने शहर. एका अंगास कावेरी, दुसऱ्या अंगास अरसलार, आणि सभोवार भाताची शेते. येथून जवळच असलेल्या स्वामीमलै येथे पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात. नाचियारकोविल येथे पितळी समया घडतात. तिरुभुवनम येथे रेशमी साड्या विणल्या जातात. ही सर्व कामे डोळ्यांवर अवलंबून आहेत. विणकराला बारीक धागा दिसला पाहिजे, ओतारी कारागिराला मेणाच्या साच्यावरील रेघ दिसली पाहिजे, आणि चिखलात भाताची रोपे लावणाऱ्या बाईला बांध दिसला पाहिजे.

चाळिशीच्या पुढे जवळचे अंधूक दिसू लागते. यात रोग असा काही नाही; डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते, एवढेच. साधा चष्मा मिळाला की काम भागते. तो न मिळाल्यास चांगला कारागीर पन्नाशीच्या आतच निकामी ठरतो. आसामातील चहामळ्यांत चाळीस वर्षे व त्यापुढील मजुरांवर एक पद्धतशीर प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा मोफत दिला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता, ज्यांना चष्मा दिला नव्हता त्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. एका साध्या चष्म्याने घरात येणारी मजुरी वाढते, हे यावरून ध्यानात येईल.

मराठी वाचकाला हा मुलूख पूर्णपणे परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरास आपले राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. तंजावर व कुंभकोणम येथील काही घराण्यांत आजही तंजावरी वळणाची मराठी बोलली जाते. तरीही जो मराठी तरुण आज तेथे रुग्णांच्या रांगेपाशी उभा राहील, तो अहिल्यानगरहून आलेला असो की अमेरिकेतून, त्याच्यासाठी ते परमुलूखच होय. रुग्ण तमिळ बोलतो आणि याला एक शब्दही कळत नाही. परदेशसेवेची पहिली परीक्षा येथूनच सुरू होते.

मिशनरी, राजा आणि डोळ्यांची चित्रे

या परीक्षेला पूर्वी एक परदेशी मनुष्य कसा उतरला, ते पाहू. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत उतरला. पुढे तिरुचिरापल्ली व तंजावर ही त्याची कार्यक्षेत्रे झाली. १७९८ साली तंजावरास त्याचे निधन झाले, तोपर्यंत तो स्वदेशी परत गेला नाही. तमिळ तर त्याने आत्मसात केलीच, शिवाय दरबारी लोकांशी बोलता यावे म्हणून मराठीचाही अभ्यास केला. तंजावरच्या गादीचे वारस सरफोजीराजे लहान असता त्यांच्या संरक्षणाचा व शिक्षणाचा भार त्याने वाहिला.

सरफोजीराजे दुसरे हे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. ते अखेरपर्यंत हिंदू राहिले, आणि आपल्या गुरूवरील त्यांची भक्तीही अखेरपर्यंत राहिली. जॉन फ्लॅक्समन या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूला भेटावयास आलेला राजा, असे दृश्य त्यात कोरलेले आहे. ते तंजावरच्या चर्चमध्ये पाहावयास मिळते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. राजांना वैद्यकाची विलक्षण आवड होती. त्यांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालविली आणि तेथे देशी व पाश्चात्य अशा दोन्ही पद्धतींच्या उपचारांचा अभ्यास करविला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे जतन झाली आहेत. त्यांत इंग्रजीत लिहिलेल्या नोंदी व रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. रुग्णाला काय झाले होते आणि काय उपचार केले, हे त्यांवरून कळते. या हस्तलिखितांशी निगडित असलेल्या शस्त्रक्रिया स्वतः राजांनी केल्या, असे मानले जाते. २००३ साली राजघराण्याच्या वंशजांनी चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे प्रमुख डॉ. बद्रीनाथ यांना या टिपणांची माहिती दिली आणि आधुनिक नेत्रतज्ज्ञांचे लक्ष त्यांकडे वेधले गेले.

एका राजाला गरीब रुग्णाच्या डोळ्याचे चित्र काढवून घ्यावेसे वाटले, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्याजोगी आहे. चित्र काढावयाचे तर डोळ्याकडे बराच वेळ पाहावे लागते, आणि नोंद करावयाची तर रुग्णाला विचारावे लागते. ज्या गुरूने अठ्ठेचाळीस वर्षे एका देशात राहून तेथल्या लोकांच्या भाषा शिकून घेतल्या, त्याच्या शिष्यात ही सावकाश पाहण्याची सवय आढळावी, हे मोठे उद्बोधक आहे. आपला स्वयंसेवक अठ्ठेचाळीस वर्षे राहणार नाही. तो चार आठवड्यांनी परतेल. म्हणूनच त्या चार आठवड्यांत कोणती कामे त्याने करावीत, याविषयी शास्त्रपाठातून चार गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट : कोणीतरी आणले

उताऱ्याच्या आरंभी काही लोक त्या आंधळ्याला प्रभूकडे घेऊन येतात. त्यांची नावे मार्काने दिलेली नाहीत. ते नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

तामिळनाडूतील नेत्रसेवेचा अनुभव हेच सांगतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत असूनही लोक का येत नाहीत, याचा शोध मदुराईच्या परिसरात वेळोवेळी घेण्यात आला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नुसती शस्त्रक्रिया मोफत करून भागत नाही. येण्याजाण्याचा व जेवणाचा खर्चही उचलला, म्हणजे अधिक लोक येतात. आणि ज्याची स्वतःची शस्त्रक्रिया झाली आहे असा गावकरी घरोघर जाऊन बोलला, तर त्याच्या शब्दाला विशेष वजन असते. १९९९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात तर असे आढळले, की गावात शिबिर भरले तरी डोळ्यांची तक्रार असलेल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे सातच तेथे पोहोचतात. भीती, खर्च, घरची जबाबदारी, आणि आता वयच झाले ही समजूत, अशी कारणे लोकांनी सांगितली.

यावरून स्वयंसेवकाचे पहिले काम स्पष्ट होते. उरलेले त्र्याण्णव कोठे आहेत, हा प्रश्न त्याने मनात बाळगावा. शिबिराच्या आदल्या आठवड्यात स्थानिक कार्यकर्त्याबरोबर वस्तीत फिरणे, कोणत्या घरी कोणती म्हातारी कोपऱ्यात बसून आहे याची यादी करणे, तिला सोबत कोण देईल ते ठरविणे, आणि त्या दिवशी नातवंडे सांभाळण्याची सोय लावून देणे, ही कामे छायाचित्रात दिसत नाहीत. पण आंधळ्याला प्रभूपर्यंत आणणारे बेथसैदाचे लोक हेच काम करीत होते. या कामात परक्या स्वयंसेवकाने बोलणाऱ्याच्या मागे उभे राहावे. बोलण्याचा मान, शस्त्रक्रिया होऊन दृष्टी परत मिळालेल्या गावकऱ्याचा.

दुसरी गोष्ट : हात धरून नेले

प्रभूने त्या मनुष्याचा हात धरला आणि त्याला गावाबाहेर नेले. आंधळ्या माणसाला हात धरून चालविणे म्हणजे त्याच्या पावलाने चालणे.

कुंभकोणमसारख्या गावी शिबिर भरते तेव्हा दिवसाचा क्रम साधारणपणे असा असतो. प्रथम नावनोंदणी. मग तक्त्यासमोर उभे करून दृष्टी मोजणे. त्यानंतर डोळ्यातील दाब, रक्तदाब व साखर यांची तपासणी. मग डॉक्टर डोळा पाहतात. कोणाला चष्म्याचा नंबर काढून देतात, कोणाला औषध, आणि ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांना शस्त्रक्रियेसाठी निवडतात. पूर्वी शाळेत किंवा मंडपात शस्त्रक्रिया होत असत. जंतुसंसर्गाचा धोका ध्यानात आल्यापासून चांगल्या संस्था निवडलेल्या रुग्णांना बसने मूळ रुग्णालयात नेतात आणि शस्त्रक्रियेनंतर परत आणून सोडतात.

या साऱ्या क्रमात प्रशिक्षण नसलेल्या माणसाला करण्याजोगे पुष्कळ आहे. रांगेतल्या वृद्धांना बसावयास जागा व पाणी देणे, एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत हात धरून नेणे, कागद हरवणार नाहीत असे पाहणे, बसमध्ये चढविणे, शौचालय दाखविणे, रात्री वॉर्डात घाबरलेल्या माणसाजवळ बसणे. डोळ्याला हात लावण्याचे काम मात्र त्याचे नव्हे. येथे एक नियम कठोरपणे पाळावा : जे आपल्या देशात करण्याची आपल्याला परवानगी नाही, ते परक्या देशातील गरिबावर करू नये. वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षात शिकणारा विद्यार्थी ज्या सुईला अमेरिकेत स्पर्श करू शकत नाही, तिला त्याने कुंभकोणमला स्पर्श का करावा? पात्रता असलेल्या परदेशी डॉक्टरालाही भारतात रुग्णांवर उपचार करण्यासाठी येथील राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. गरीब माणसाचा डोळा हा सरावाचा डोळा नव्हे. त्याला दोनच डोळे असतात, आणि अनेकदा त्यांतला एक आधीच गेलेला असतो.

हात धरण्याला भाषाही लागते. चार आठवड्यांत तमिळ येणार नाही. पण दहा शब्द येऊ शकतात. वृद्ध पुरुषाला 'अय्या' आणि स्त्रीला 'अम्मा' म्हणावे. 'कण्' म्हणजे डोळा. 'मेले पारुंग' म्हणजे वर पाहा, 'कीळे पारुंग' म्हणजे खाली पाहा. आणि या सर्वांहून महत्त्वाचा एक शब्द आहे : 'तेरियुदा?' म्हणजे, दिसते का? बेथसैदाला प्रभूने जे विचारले तेच नेत्ररुग्णालयात दिवसातून शेकडो वेळा विचारले जाते.

तिसरी गोष्ट : विचारले

हा आपल्या पाठाचा गाभा आहे. प्रभूने हात ठेवला आणि मग विचारले. हात ठेवला म्हणजे दृष्टी आलीच असेल, असे त्याने गृहीत धरले नाही. आणि त्या मनुष्यानेही, उपकारकर्त्याला बरे वाटावे म्हणून, सर्व काही छान दिसते असे खोटे सांगितले नाही.

आपल्या नेत्रशिबिरांचे मोजमाप बहुधा किती शस्त्रक्रिया झाल्या, या एका आकड्याने होते. फलकावर तो आकडा लिहिला जातो, अहवालात छापला जातो, देणगीदारांना कळविला जातो. पण शस्त्रक्रिया म्हणजे दृष्टी नव्हे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात पन्नास वर्षांवरील लोकांचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आढळले. सुमारे ६६ टक्के अंधत्व त्यामुळे होते. परंतु त्याच सर्वेक्षणात असेही आढळले, की सुमारे ७ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत हे होते. हे लोक रुग्णालयापर्यंत पोहोचले होते. त्यांच्या डोळ्यावर हात ठेवला गेला होता. कोणत्या तरी अहवालात त्यांचीही गणना झालीच असेल.

असे का होते, हे समजण्यासाठी शस्त्रक्रियेची थोडी माहिती हवी. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. प्राचीन काळी सुईने ते भिंग डोळ्यातच मागे ढकलीत. पुढे ते काढून टाकू लागले आणि रुग्णाला अतिशय जाड काचांचा चष्मा देऊ लागले. तो चष्मा फुटला किंवा हरवला, की रुग्णाची दृष्टी पुन्हा झाडांसारख्या माणसांवर येई, आणि दुसरा चष्मा घेण्याची ऐपत नसे. आता डोळ्यात कृत्रिम भिंग बसवितात, त्यामुळे तो प्रश्न बराच सुटला आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालावे लागतात. डोळा चोळावयाचा नाही, त्यात घाण पाणी जाऊ द्यावयाचे नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी दाखवावे लागते. सुमारे महिन्याने पुन्हा तपासून, लागल्यास चष्म्याचा नंबर काढावा लागतो. यातले एकही काम शस्त्रक्रियागृहात होत नाही. ते घरी, शेतावर आणि बसथांब्यावर होते.

स्वयंसेवकाचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी घ्यावी. कोण पुन्हा तपासणीला आले आणि कोण आले नाही, ते पाहावे. न आलेल्यांच्या घरी स्थानिक कार्यकर्त्याबरोबर जावे. थेंबांची बाटली कोठे ठेवली आहे, ते पाहावे. ती बहुधा देव्हाऱ्यापाशी, न उघडलेली सापडेल, किंवा घरातील दुसऱ्याच कोणाच्या डोळ्यासाठी वापरली जात असेल. मग विचारावे : तेरियुदा? उत्तराला घाई करू नये. परदेशातून आलेल्या पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून म्हातारा माणूस, दिसते, दिसते, असे म्हणेल. त्याच्यापुढे बोटे धरावीत, दारातल्या झाडाकडे पाहण्यास सांगावे, सुईत दोरा ओवता येतो का ते विचारावे. आणि जे उत्तर मिळेल ते, आपल्या संस्थेच्या दृष्टीने कितीही अप्रिय असले तरी, जसेच्या तसे लिहून घ्यावे व डॉक्टरांच्या कानावर घालावे. सरफोजीराजांच्या टिपणांनी दोनशे वर्षांपूर्वी जे केले, तेच हे काम आहे.

चौथी गोष्ट : पुन्हा हात ठेवला

विचारल्यावर उत्तर अपुरे आले. तेव्हा प्रभूने पुन्हा हात ठेवला. जो विचारतो, त्याला पुन्हा हात ठेवण्याची तयारी ठेवावी लागते. चार आठवड्यांनी निघून जाणाऱ्या माणसाला ते कसे शक्य आहे? म्हणून परक्या सेवकाचे यश, त्याच्यामागे कोणाचा हात उरतो यावर ठरते.

आपल्या महाराष्ट्रातील मिरजेचे उदाहरण घेऊ. डॉ. विल्यम वान्लेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांची दूरवर ख्याती झाली. परंतु त्यांनी आपल्याच हातांवर विसंबून न राहता देशी तरुणांना तेथे वैद्यक शिकविले. १९२८ साली ते भारतातून गेले, तरी मिरज ही वैद्यकनगरी म्हणूनच ओळखली जात राहिली.

तामिळनाडूत पाहावे तर तिरुचिरापल्लीचे जोसेफ नेत्ररुग्णालय डॉ. जोसेफ ज्ञानदिक्कम या ख्रिस्ती नेत्रतज्ज्ञाने १९३४ साली सुरू केले. मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली अवघ्या ११ खाटांनिशी काढले. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी शस्त्रक्रिया शिकून घेतली. तेथे खेड्यातील मुलींना दोन वर्षे शिक्षण देऊन नेत्रतपासणीची बरीचशी कामे सोपविली जातात. त्या मुलींची भाषा रुग्णाची भाषा असते आणि त्या शिबिर संपल्यावरही तेथेच असतात.

याच रुग्णालयाच्या इतिहासात परदेशी साहाय्यकाचा एक नमुनेदार दाखला आहे. डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग पूर्वी परदेशातून येई. त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात असल्यामुळे ते गरिबाला मिळत नसे. काही भिंगे दान म्हणून येत, पण दान संपले की रांग थांबे. डेव्हिड ग्रीन या अमेरिकन गृहस्थांनी दानाची भिंगे गोळा करीत राहण्याऐवजी ती मदुराईतच तयार व्हावीत म्हणून साहाय्य केले. १९९२ साली ऑरोलॅब हा कारखाना सुरू झाला आणि भिंगाची किंमत सुमारे दहा डॉलरवर आली. पुढे ती आणखी उतरली. ग्रीन डॉक्टर नव्हते. त्यांनी एकाही डोळ्याला हात लावला नाही. पण पुन्हा हात ठेवण्याचे सामर्थ्य त्यांनी तेथल्या लोकांच्या हाती दिले.

प्रत्येक तरुण कारखाना काढू शकणार नाही. परंतु जो हिशेब जाणतो त्याने औषधसाठ्याची वही लावून द्यावी, संगणक जाणतो त्याने पुनर्तपासणीची यादी आपोआप निघेल अशी सोय करून ती चालविण्यास स्थानिक मुलीला शिकवावे. आपण गेल्यानंतर सहा महिन्यांनी ती यादी निघते आहे का, हे पत्राने विचारावे. एवढे झाले तरी दुसरा हात ठेवला गेला असे म्हणता येईल.

शेवटी : घरी पाठविले

उताऱ्याचा शेवटही विसरू नये. प्रभूने बऱ्या झालेल्या माणसाला गावात न जाता सरळ घरी जाण्यास सांगितले. त्याला चारचौघांत मिरविले नाही. आजचा स्वयंसेवक मात्र पट्टी सोडलेल्या म्हातारीबरोबर आपले छायाचित्र काढून घेतो आणि ते जगभर पाठवितो. तिला विचारले जात नाही, आणि विचारले तरी रुग्णालयाच्या पलंगावर बसलेली बाई नाही म्हणू शकत नाही. आपल्या ख्रिस्ती संस्थांनी तरी हा मोह आवरावा.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाला दृष्टी मिळाली तेव्हा, आपल्याला बरे करणारा कोण, हे त्याला नीटसे ठाऊकही नव्हते. दृष्टी आधी मिळाली. ओळख नंतर, त्याच्या स्वतःच्या शोधातून झाली. श्वार्ट्झने सरफोजीराजांवर केलेले प्रेम, ते हिंदूच राहिले म्हणून वाया गेले, असे कोण म्हणेल? डोळ्याच्या बदल्यात काही मागणे, मग ती मागणी कितीही सौम्य असो, या सेवेला शोभत नाही. कुंभकोणमची एखादी वृद्ध विणकर बाई पुन्हा धागा ओवू लागली, की तिचे आपल्याकडे काही देणे उरत नाही.

वाचकहो, कुंभकोणमला जाणे सर्वांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या मंडळीत, आपल्या गल्लीत, गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले कोणी वृद्ध असतीलच. त्यांच्या घरी जाऊन, आता नीट दिसते का, असे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. दिसत नसेल तर त्यांना हात धरून पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. ज्याला हे आपल्या गल्लीत जमले, त्याला परमुलखात पाठविण्यास हरकत नाही.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. बेथसैदाच्या आंधळ्याने अर्धेच दिसते असे खरे सांगितले. आपण ज्यांची सेवा करतो, त्यांना असे खरे बोलण्याची मोकळीक वाटते का? वाटत नसेल तर का?

२. आपल्या मंडळीने आजवर भरविलेल्या आरोग्यशिबिरांनंतर, रुग्णांची पुन्हा विचारपूस कोणी केली? पुढील वेळी ही जबाबदारी कोणावर सोपवाल?

३. आपला मुलगा किंवा मुलगी परदेशी सेवेसाठी निघाली, तर तेथील संस्थेला कोणते तीन प्रश्न आधी विचाराल?

४. शिबिरापर्यंत न पोहोचणारे असे कोण आपल्या परिसरात आहेत? त्यांना आणण्यासाठी कोणाच्या शब्दाला वजन असेल?